भोसरीच्या भिंतीवरची जर्मन

अण्णा, परवा भोसरीत तुमची भिंत दिसली. एमआयडीसीत डायच्या साच्यात पत्रा दाबून पार्ट काढायचे त्या प्रेसशॉपची, जिच्यावर तुम्ही सुरक्षेच्या सूचना रंगवल्या होत्या आणि मग त्यांच्यावर स्वतःच्याच हातानं चुना मारला होता, ती. ते प्रेसशॉप कधीच बंद पडलंय. मध्ये कुणीतरी तिथं प्लॅस्टिकच्या क्रेटचं गोडाऊन केलं होतं म्हणे, आता तेही उठलंय. पत्रे काढून नेलेत, नुसत्या भिंती उभ्या आहेत, आणि त्याही लवकरच पाडणार आहेत. मी मुद्दाम गेले नव्हते हं. जुन्या आठवणी हुडकत फिरायला माझ्या अंगात आता त्राण उरलेलं नाही. शेजारच्या शेडमध्ये आमच्या कंपनीला पार्ट पुरवणारा एक व्हेंडर आहे, त्याचे कॉम्प्युटर आमच्या चाकणच्या सर्व्हरला जोडायचे होते, ते काही केल्या नीट बोलेनात, म्हणून मला धाडलं. सकाळभर डोकेफोड करून वैतागले, चहा प्यायला बाहेर आले, कप तोंडाला लावला आणि समोर तुमचं अक्षर. चुना गळून पडलाय आणि खालून लाल ऑइल पेंट जसाच्या तसा वर आलाय. मी चहा तसाच ठेवला.

तुम्हाला माझं काम कधी सांगता आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि तुम्ही विचारायचा, "दिवसभर त्या डबड्यापुढं बसून करतीस काय गं?" तेव्हा मलाही धड माहीत नव्हतं. आता सांगते. मी अक्षरं पोचवते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही अण्णा, त्याला फक्त आकडे कळतात. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर समजायचं, याचा एक तक्ता त्याच्याजवळ असतो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा तक्ता एकच असला तर सगळं सुरळीत. वेगळा असला की इकडून 'हात' पाठवला तरी तिकडे भलतंच उमटतं. आता सगळ्या जगाचा मिळून एक मोठा तक्ता झालाय, त्यात आपली मराठीही आहे. पण कारखान्यात सगळंच कुठं नवं असतं? एखादी मशीन माझ्या वयाची, तिच्यावरचा डिस्प्ले त्याहून जुना, मधला प्रोग्राम कुणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नाही, आणि मुख्य सर्व्हर साता समुद्रापार. या सगळ्यांच्या मधोमध बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तक्त्यात बसवून द्यायचं, हे माझं काम. निघोजेच्या अलीकडे आमचा प्लांट आहे. पिंपळे गुरवहून कंपनीची बस पकडायची, नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये सडायचं, उतरायचं आणि दिवसभर प्रश्नचिन्हं बघायची.

प्रश्नचिन्हं म्हणजे खरोखरची. प्रेस लाइनवर मोठे बोर्ड आहेत, त्यांच्यावर मराठीत सूचना येतात: गार्ड लावा, लाइन थांबवा, अमुक मशीन बंद आहे. तिकडचा सर्व्हर बदलला की इकडे ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. आमचा मॅनेजर माझ्याहून लहान आहे, स्वभावानं वाईट नाही. तो म्हणतो, "मॅडम, फक्त क्वेश्चन मार्क येतायत, बाकी सगळं ग्रीन आहे." कपाळ माझं! बाकी म्हणजे काय उरलं? बोर्डवर वाचायला दुसरं काय असतं? शेजारी बसणारा एकजण तर म्हणाला, "ताई, सोडा ना राव, इंग्लिशच टाका, मराठी वाचतंय कोण आता?" मी त्याला हाताला धरून लाइनवर नेलं. तिथं बीड आणि परभणीकडची पोरं उभी होती, बोर्डाकडं बघत. एकजण दुसऱ्याला विचारत होता, "काय म्हणायलाय रे हे?" आणि दुसरा म्हणाला, "काय नाई, चालू दे." ते "चालू दे" ऐकलं की मी परत जाऊन तक्त्यांशी झटत बसते. वर्षानुवर्षं मी हेच करतेय, पुन्हा पुन्हा तेच, आणि खरं सांगायचं तर मी थकलेय, अण्णा. घरी येते तेव्हा बोलायचीसुद्धा इच्छा नसते. आई ताट वाढते, मी जेवते, आणि ती विचारते, "आज लागलं का समदं?" मी म्हणते, "लागलं." ते काही खरं नसतं.

पण मला लिहायचंय ते त्या भिंतीबद्दल. भोसरीची ती भाड्याची खोली आठवते. स्वयंपाकघर म्हणजे खोलीचाच एक कोपरा, तिथं आईची चूल, म्हणजे स्टोव्ह, आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुमचे डबे. खोलीला कायम टर्पेंटाइनचा वास, आमच्या भाकरीलाही यायचा, आई कुरकुरायची. जेवण झालं की तुम्ही पाण्यात बोट बुडवून शहाबादी फरशीवर अक्षरं काढायचा. आधी वरची रेघ, सरळ, एका दमात. मग तिला खाली एकेक अक्षर टांगत जायचं. मी शेजारी बसून बघते आहे, पहिलं अक्षर वाळून जातंय तोवर तुम्ही शेवटाला पोचलेले असता. "पुसायची भानगड न्हाई," तुम्ही म्हणता. भोसरीतल्या निम्म्या वर्कशॉपच्या पाट्या तुमच्या हातच्या होत्या. करमाळ्याहून आलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत, पण तुम्ही 'धोका' असं लिहिलं की वाचणारा दोन पावलं मागं सरकायचा. माझ्या शाळेच्या डब्याच्या झाकणावर तुम्ही माझं नाव निळ्या रंगात घातलं होतं, भोवती बारीक पांढरी कड. वर्गातल्या मुली डबा उघडायच्या आधी झाकण हातात घेऊन बघायच्या. तेवढा माज मला पुन्हा कधी करता आला नाही.

मी नववीत होते त्या वर्षी त्या प्रेसशॉपचं जर्मनीतल्या कुठल्याशा कंपनीशी जुळलं. मोठी गोष्ट होती. पाहुणे येणार, शेड रंगवून घ्या, सुरक्षेच्या सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरात हव्यात, एका भिंतीवर मराठीत, एका भिंतीवर जर्मनमध्ये. काम तुम्हाला मिळालं आणि आईनं त्या दिवशी शिरा केला होता. साहेबांच्या ऑफिसातून तुम्हाला एक छापील कागद मिळाला. हा जर्मनचा आहे, मराठीचा मागून येईल, असं सांगून. तो कागद तुम्ही घरी आणला आणि स्टोव्हच्या उजेडाला धरून बघत बसलात. मला बोलावलंत. "हे इंग्रजी हाय का गं?" मी वाचून बघितलं. इंग्रजी अक्षरं होती, पण शब्द होत नव्हते. मध्येच टक्क्याची खूण, मध्येच डॉलर, आणि कित्येक अक्षरांच्या डोक्यावर दोन दोन टिंबं. मी म्हटलं, "इंग्रजी नाही अण्णा हे." तुम्ही मान डोलावलीत. "मग जर्मनच असल. पर ह्याला वरची रेघच न्हाई की गं, टांगायचं कशाला?" तुम्हाला तीच एक काळजी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांना विचारलंत. हे मी स्वतः ऐकलेलं नाही, पण आईला तुम्ही सांगितलं होतं आणि आई ते अजून शब्दाशब्दाला सांगते. तुम्ही म्हणालात, "साहेब, एकदा बघून घ्या, ह्ये बराबर हाय का?" आणि साहेब म्हणाले, "पेंटर, ती त्यांची भाषा आहे, तुम्हाला-आम्हाला काय कळणार? जसंच्या तसं उतरवा. टिंब हलता कामा नये." मग तुम्ही टिंब हलू दिलं नाही. खडूच्या दोरीनं भिंतीवर रेघा मारल्यात, पोटमाळ्यावरून ती काठी काढलीत, जिच्यावर मनगट टेकून बारीक अक्षर काढायचा, आणि ती सबंध भिंत रंगवलीत. दोन हात दिलेत. एक दिवस मी डबा घेऊन आले होते तर तुम्ही शिडीवर, तोंडात एक ब्रश आडवा, हातात दुसरा, आणि एका डॉलरच्या पोटातली रेघ पुन्हा पुन्हा मागं होऊन बघताय. खालून एक हेल्पर ओरडला, "अण्णा, आता जर्मनीला जाताय जणू!" आणि तुम्ही ब्रश तोंडात धरूनच हसलात.

भिंत झाली. मराठीचा कागद काही आला नाही. कुणी विचारलंही नाही, कारण ज्याला त्याला वाटत होतं की दुसऱ्यानं विचारलं असेल. कामगार त्या भिंतीखालून ये-जा करत राहिले, सुपरवायझर नव्या माणसाला बोटानं दाखवत राहिला की ते बघ, ते जर्मन आहे. आणि मग पाहुणे आले. पुढचं मला आपल्या चाळीतल्या ऑपरेटर काकांनी सांगितलं, ते त्या शिफ्टला होते. एक उंच, गोरे गृहस्थ भिंतीपुढं थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग साहेबांकडं वळून अगदी आदरानं इंग्रजीत म्हणाले की तुमची मराठी दिसायला फार सुंदर आहे, आणि ती आमच्याच अक्षरांत, टिंबांसकट लिहितात हे मला माहीत नव्हतं. साहेबांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि मागं कुणालातरी हसू फुटलं, आणि ते शेडभर पसरलं. जर्मनांना ती मराठी वाटली होती आणि आपल्याला ती जर्मन! ऑपरेटर काका सांगतानासुद्धा पोट धरून हसत होते. मीही हसले होते थोडी. मग तुमच्याकडं बघितलं आणि आत निघून गेले.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं, सगळ्या शिफ्टसमोर. "डोकं गहाण ठेवलंय का पेंटर? काहीही रंगवून ठेवायचं? लाज घालवलीत कंपनीची!" तुम्ही म्हणालात, "साहेब, कागदावर हुतं तसंच लिव्हलंय." साहेब म्हणाले, "कागदावर काहीही असेल, तुम्हाला अक्कल नको?" 'साहेब, मी तुम्हाला विचारलं होतं,' एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात तर! पण समोर साहेब, मागं सगळी शिफ्ट, आणि तुमचा स्वभाव. संध्याकाळी चुना आणून तुम्ही भिंत पांढरी केलीत. घरी आलात तेव्हा कोपरापर्यंत पांढरे होतात. आई म्हणाली, "आंघोळीला पाणी काढलंय," आणि तुम्ही उंबऱ्यातच बसून राहिलात.

त्यानंतर तुम्ही 'जर्मन' झालात. टपरीवर, वर्कशॉपात, गणपतीच्या मांडवात. "काय जर्मन, आज कुठं?" "ओ जर्मन पेंटर, जरा सरका." त्यात दुष्टावा नव्हता, लोकांना गंमत वाटायची, तुम्हीही हसून घ्यायचा. शाळेत मला 'जर्मनची पोरगी' म्हणायला लागले, मी दोघींच्या झिंज्या उपटल्या आणि बाईंचा मार खाल्ला. पण त्याहून वाईट ते पुढचं. तुम्ही अक्षर काढायचं सोडलंत. पाटीचं काम आलं की म्हणायचा, डोळं बारीक झालंय, दुसरीकडं बघा. डोळ्यांना काही झालं नव्हतं अण्णा, तुम्ही लांबून येणाऱ्या बसची पाटी आमच्याआधी वाचायचा. नंतर शेवटपर्यंत तुम्ही ग्रिल रंगवल्यात, गेट रंगवलीत, पत्र्यांना रेड ऑक्साइड मारलंत. सपाट रंग. फरशीवर पाण्याचं बोटसुद्धा पुन्हा फिरलं नाही. आपण पिंपळे गुरवला स्वतःची खोली घेतली तेव्हा मी म्हटलं, अण्णा, दारावर नावाची पाटी तुम्ही करा. तुम्ही "करतो की" म्हणालात आणि दोन दिवसांनी बाजारातून प्लॅस्टिकची तयार पाटी आणून ठोकलीत. आई आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

आणि तुम्ही गेलात तेव्हा भोसरीच्या चौकातल्या फळ्यावर तुमच्या ओळखीच्यांनी निरोप लिहिला होता, खडूनं, वेडंवाकडं. तुमचं नाव, आणि पुढं कंसात 'जर्मन पेंटर' यांचे दुःखद निधन. लोकांना कळावं म्हणूनच लिहिलं होतं, नुसत्या नावानं तुम्हाला ओळखलं कुणी असतं? पण मी तो फळा बघितला आणि मला वाटलं, जाऊन पुसून टाकावा. आजही आठवला की संताप येतो, आणि संताप कुणावर करायचा ते कळत नाही. एका माणसाचं आयुष्यभराचं अक्षर एका कंसात जाऊन बसलं. तुमचं खरंच चुकलं होतं का, हे तपासायला कुणी गेलंच नाही, मी धरून. कशी जाणार? मीही तेच धरून चालले होते की तुम्ही काहीतरी वेडंवाकडं उतरवलंत. असं वाटायचं की कागद बरोबर असेल आणि शिडीवर, उन्हात, न कळणारी अक्षरं काढताना तुमचा घोटाळा झाला असेल.

तर परवा मी त्या भिंतीपुढं उभी. चहावाला म्हणाला, आत जा, वॉचमन काही बोलत नाही. वॉचमन लातूरकडचा, वयस्कर, खुर्चीवर पाय घेऊन बसलेला. "काय बघायलाव ताई? काय तरी इंग्लिश हाय ते." मी म्हटलं, "काका, याच्यावर चुना होता ना?" "व्हता की. मागच्या मालकानं पुन्हा मारून घेतला, पुन्हा गळाला. खाली ऑइल पेंट हाय, त्याच्यावर चुना धरत नाई. खरवडावं लागतंय आधी." मी मान डोलावली, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात. चौकटीच्या ऑइल पेंटवर कुणी चुन्याचा हात फिरवला की तुम्ही खेकसायचा. मग त्या संध्याकाळी तुम्ही न खरवडता चुना का मारलात? रागानं? घाई होती म्हणून? की साहेब चुना म्हणाले म्हणून चुना? मला माहीत नाही. विचारायला तुम्ही नाही. मी मोबाइल काढला आणि ओळ न ओळ जवळून फोटो घेतले. वॉचमन म्हणाला, "कशाला ताई, पाडायलेत ते." म्हटलं, "म्हणूनच."

अक्षरं बघताक्षणीच मला कळलं होतं की हे काय आहे. माझा जन्म गेलाय त्यात. त्या काळात मराठीसाठी सगळ्यांचा मिळून तक्ता नव्हता. ज्यानं त्यानं आपापला फॉन्ट केला होता, इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकार बसवून. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर असेल तिथं मराठी दिसायची. नसेल तिथं खालची मूळ इंग्रजी, टिंबंबिंबं सगळी उघडी पडायची. पुण्यात कुणीतरी मराठी सूचना टाइप केल्या असणार, फ्लॉपीवर घालून पाठवल्या असणार, आणि भोसरीच्या ऑफिसात तो फॉन्ट नव्हता. छापून आलं ते टिंबवालं. बघणाऱ्यानं म्हटलं, हा जर्मनचा दिसतोय, आणि खरा जर्मनचा कुणी मागवलाच नाही. म्हणून मराठीचा कागद कधी आलाच नाही, अण्णा. तो आधीच आला होता.

आणि अशा वेळी दोन गोष्टी होतात, त्या मला रोज दिसतात. एखादी मशीन न कळणारं अक्षर टाकून देते आणि त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. मग संपलं, ते परत येत नाही, त्याच्या मागं काय होतं ते कुणाच्या बापालाही सांगता येत नाही. दुसरी मशीन न कळलेलं अक्षरही जसंच्या तसं पुढं पाठवते. दिसायला तो कचरा दिसतो, लोक वैतागतात, पण मला बरं वाटतं, कारण आत सगळं शाबूत असतं. बरोबर तक्ता लावला की मूळचं बाहेर येतं. फक्त एकही अक्षर इकडचं तिकडं झालेलं चालत नाही. एक टिंब गळालं की तेवढा शब्द नासला. म्हणून मला एवढंच बघायचं होतं: त्या भिंतीवर मराठी आहे की नाही. तुम्ही बरोबर होतात की नाही.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. आई समोर गवार मोडत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं, उगाच कशाला जीव टांगणीला लावायचा. फोटो मोठे करून एकेक अक्षर टाइप करत गेले. नाकी नऊ आले. ती टिंबवाली अक्षरं कीबोर्डावर नसतात, शोधून शोधून घालावी लागतात, डोळे चुरचुरतात, मान अवघडते. जुन्या फॉन्टांचे तक्ते मी जपून ठेवलेत, त्यातला एक लावला, निघाली बडबड. दुसरा लावला, पुन्हा बडबड. मग आणखी एक लावला आणि स्क्रीनवर सरळ, शहाण्यासारखं मराठी उभं राहिलं. 'मशीन चालू असताना डायमध्ये हात घालू नये.' मी तोंडावर हात धरला. 'गार्ड काढून मशीन चालवू नये. सैल कपडे घालून काम करू नये.' मध्ये तीन-चार जागी शब्द बिघडलेले होते. मी मनात म्हटलं, इथं शिडी हलली असेल. फोटो आणखी मोठा केला. भिंतीवर टिंब होतं. मी घालायला विसरले होते. दुसरा शब्द बघितला, तिथंही मीच चुकले होते. पुढचाही माझाच. पंख्याखाली बसून, चष्मा लावून, मी चुकत होते आणि तुम्ही कुठंच चुकला नव्हता.

आईनं विचारलं, "काय गं, रडतीस का?" मग मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. म्हटलं, "अण्णांची भिंत आहे ही. त्या टिंबांच्या आतलं हे." तिनं हात पदराला पुसले आणि बोट धरून मोठ्यानं वाचायला लागली, सावकाश, शाळेतल्यासारखं. वाचता वाचता ती 'काही शंका असल्यास काम थांबवून वरिष्ठांना विचारावे' इथं पोचली आणि थांबली. "विचारलं हुतं की त्यांनी," ती म्हणाली. मग ती पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. मला वाटलं तिला नीट समजलं नसावं, म्हणून मी फॉन्टचं वगैरे सांगायला लागले, तर तिनं हातानंच गप्प केलं. "म्हंजी मराठीच हुतं व्हय?" "हो." "बराबर हुतं?" "हो आई." "मग चुकलं काय हुतं त्यांचं?" मी म्हटलं, "काहीच नाही." ती उठली, आत गेली, आणि तुमच्या फोटोपाशी न जाता सरळ बाल्कनीत जाऊन उभी राहिली, माझ्याकडं पाठ करून. गवार तशीच पडली होती, ती मी मोडली.

हे मी तुम्हाला का लिहितेय, कुणास ठाऊक. उद्या सकाळी बस आहे, तिकडं बोर्डावर पुन्हा प्रश्नचिन्हं असतील. भिंत पाडतील. भोसरीत ज्यांना हा किस्सा ठाऊक होता त्यातले निम्मे गेले, ज्यांनी फळ्यावर लिहिलं ते कुठं आहेत माहीत नाही, आणि साहेब कुठल्याशा वृद्धाश्रमात आहेत असं ऐकलंय, त्यांच्यापुढं लॅपटॉप नेऊन काय उजेड पडणार आहे? हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. आईलाही नाही.

एकच सांगायचं राहिलंय. प्रत्येक वेळी शब्द बिघडलेला दिसला ना अण्णा, तेव्हा 'इथं अण्णा चुकले' असं म्हणताना मला बरं वाटत होतं. तुमचं काहीतरी चुकलेलं असावं, एखादं अक्षर, एखादं टिंब, म्हणजे जे झालं त्याला काहीतरी कारण होतं असं तरी म्हणता आलं असतं. आई झोपल्यावर मी सगळे फोटो परत पहिल्यापासून तपासले. अगदी तळाच्या दोन ओळी ओलीनं गेल्यात, त्या वाचता येत नाहीत. चूक तिथं असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. मला नाही पटलं.